डेबोरा कारचा अभिनय ‘थंड’ का वाटतो, आणि तो तसा का नाही

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. राज्य नाट्य स्पर्धेत कामं करत करत तुम्ही मालिकेत आलात. सेटवर रोज ऐकावं लागतं, ‘मॅडम, जरा कमी करा.’ कुणीतरी सुचवलं की डेबोरा कारचे सिनेमे बघा. तुम्ही ‘द किंग अँड आय’ आणि ‘ॲन अफेअर टू रिमेंबर’ पाहिले. बाई देखणी, बोलणं स्वच्छ, पण थंड वाटली. सहा वेळा नामांकन होऊनही ऑस्कर एकदाही मिळालं नाही, त्याचं कारण हेच असावं असंही तुम्हाला वाटलं. तर ही बाई नेमकी कोण, आणि रंगमंचावरून कॅमेऱ्यासमोर आलेल्या नटीने तिच्याकडून घ्यायचं काय?

मी कॅमेऱ्यासमोरचा अभिनय शिकवते. शिकवताना तिचा जो प्रसंग सगळ्यात आधी दाखवते, तो १९६० च्या ‘द सनडाउनर्स’मधला आहे. ऑस्ट्रेलियात मेंढरं हाकत गावोगाव फिरणारं एक कुटुंब आणि डेबोरा त्यातली आई, आयडा कारमोडी. रापलेला चेहरा, साधे कपडे, तंबूतला संसार, आणि मनात एकच इच्छा: कुठेतरी स्वतःचं घर असावं. एका छोट्या स्टेशनात गाडी थांबते. खिडकीत एक नीटनेटकी शहरी बाई चेहऱ्याला पावडर लावते आहे. आयडा तिच्याकडे बघते. ती बाई आयडाकडे बघते. गाडी सुटते. एकही संवाद नाही, डोळ्यांत पाणी नाही. पण तेवढ्यात हेवा येऊन जातो, आपण कशा दिसत असू ही लाज येऊन जाते, आणि हे सगळं नवऱ्याला कळू द्यायचं नाही हेही त्या चेहऱ्यावर ठरून जातं. हा प्रसंग बघितल्यावर ‘थंड’ हा शब्द वर्गात कुणी पुन्हा काढत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: थंड माणसाकडे आवरून धरण्यासारखं काही नसतं. डेबोराने उभ्या केलेल्या बहुतेक बायकांकडे ते भरपूर आहे, आणि तिचा अभिनय म्हणजे तो आवरण्याचा प्रयत्न आहे. ती भावना दाखवत नाही, भावना दिसू नये म्हणून त्या बाईची चाललेली धडपड दाखवते. आणि ती धडपड टिपायला कॅमेऱ्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

आता ती कोण ते. जन्म ३० सप्टेंबर १९२१ चा, ग्लासगोचा. पाळण्यातलं नाव डेबोरा जेन, आडनाव ट्रिमर. ‘कार’ हे घराण्यातलंच जुनं नाव तिने पुढे अभिनयासाठी घेतलं. वडील पहिल्या महायुद्धात सॉमच्या लढाईत एक पाय गमावून परतलेले. पहिली तीनेक वर्षं ग्लासगोजवळच्या हेलन्सबर्गला आजी-आजोबांकडे गेली, मग कुटुंब इंग्लंडात आलं. शाळा ब्रिस्टल आणि वेस्टन-सुपर-मेअरला. त्यामुळे जन्माने ती स्कॉटिश असली तरी पडद्यावरचं तिचं बोलणं आणि वळण इंग्लंडच्या मध्यमवर्गाचं आहे. ज्या ‘इंग्लिश लेडी’च्या साच्यात हॉलिवूडने तिला नंतर बसवलं, तो साचा एका ग्लासगोच्या मुलीने शिकून अंगात मुरवला होता.

सुरुवात नाचाने झाली. ती बॅले शिकली आणि १९३८ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्सच्या रंगमंचावर समूहनृत्यात उभी राहिली. पण नाचात पहिल्या रांगेत जाणं जमणार नाही हे लवकर लक्षात आलं. ब्रिस्टलच्या एका नाट्यशाळेत तिची मावशी शिकवायची, तिथून ती नाटकाकडे वळली. रीजंट्स पार्कच्या खुल्या नाट्यगृहात छोटी कामं, मग १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या रेपर्टरी कंपनीत. नाचाचं शिक्षण मात्र वाया गेलं नाही. बॅलेने तिला स्थिर उभं राहायला शिकवलं. तुम्ही म्हणाल, त्यात काय शिकायचं? आपल्याकडच्या नव्या नटाला क्लोजअपमध्ये नुसतं उभं राहा म्हटलं की खांदे वर जातात, बोटं पदराशी चाळा करतात, मान प्रत्येक शब्दावर हलते. डेबोराची मान हलते ती विचार बदलला की. एरवी नाही.

पहिले सिनेमे मी भराभर सांगते. दिग्दर्शक मायकेल पॉवेलच्या १९४० च्या ‘कॉन्ट्राबँड’मधलं तिचं बारीकसं काम संकलनात गेलं. १९४१ मध्ये बर्नार्ड शॉच्या नाटकावरच्या ‘मेजर बार्बरा’त साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संघटनेतली जेनी हिल, त्याच वर्षी ‘लव्ह ऑन द डोल’मध्ये बेकारीने पिचलेल्या घरातली मुलगी. मग १९४३ मध्ये पॉवेल आणि प्रेसबर्गरच्या ‘द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप’मध्ये तिला तीन भूमिका मिळाल्या: चाळीसएक वर्षांच्या काळात नायकाच्या आयुष्यात आलेल्या तीन वेगळ्या बायका. वय तेव्हा एकविशीचं. तिघींसाठी तिने आवाजाला मोठ्या कसरती दिलेल्या नाहीत. पहिली एडिथ समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघते, शेवटची अँजेला वाट बघतच नाही. काळ बदलला की बायका किती वेळ थांबतात तेही बदलतं, आणि तिने ते टायमिंगमधून दाखवलं. तुमच्यासारख्या नाटकातून आलेल्या नटीला हे लगेच पकडता येईल, कारण टायमिंग तुम्हाला आधीपासून येतं.

आणि मग १९४७ चा ‘ब्लॅक नार्सिसस’. इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

रुमर गॉडनच्या कादंबरीवरचा हा सिनेमा हिमालयातल्या मोपू नावाच्या काल्पनिक जागी घडतो. एका जुन्या राजवाड्यात, जिथे कधीकाळी जनानखाना होता, काही नन्स शाळा आणि दवाखाना काढायला येतात. प्रत्यक्षात यातलं काहीही भारतात चित्रित झालेलं नाही. पाइनवुड स्टुडिओतले सेट, काचेवर रंगवलेले डोंगर आणि ससेक्समधल्या लेनर्डस्लीची बाग, एवढ्यातून तो हिमालय उभा केला आहे. छायाचित्रणाचं ऑस्कर जॅक कार्डिफला आणि कलादिग्दर्शनाचं आल्फ्रेड युंगेला मिळालं. भारतीय प्रेक्षक म्हणून एक गोष्ट खटकणारच: जीन सिमन्सला काळं करून पहाडी मुलगी केलं आहे, आणि गावकरी म्हणजे बहुतेक देखावाच. म्हैसूर संस्थानातून गेलेला साबू तेवढा खरा भारतीय चेहरा. ते खटकू द्या आणि तरीही सिनेमा बघा, कारण डेबोराचं काम त्याने कमी होत नाही.

ती सिस्टर क्लोडा, संघातली सगळ्यात तरुण मठप्रमुख. अंगावर पांढरा झगा, केस, कान, मान सगळं झाकलेलं. अभिनयाला शिल्लक काय? भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा आणि दोन हात, तेही बऱ्याचदा बाह्यांत गेलेले. एखाद्या नटीचं सगळं काढून घेतलं तर काय उरतं याचा हा धडा आहे. क्लोडा आयर्लंडमधून आली आहे ती एका माणसावर प्रेम करून; त्याच्या मनात तिच्याशी लग्न करायचं नव्हतं, सगळ्या गावाला तिचं मन ठाऊक झालेलं, म्हणून तो अमेरिकेला जायच्या आधी तीच घर सोडून निघाली. हे ती कुणाला सांगत नाही. प्रार्थनेत मध्येच डोळे कुठेतरी जातात, ओठांच्या कडा किंचित सैल होतात आणि आपण आयर्लंडमध्ये पोचतो: तळं, मासेमारी, लाल केस मोकळे सुटलेली हसणारी मुलगी. परत येताना डेबोरा काय करते ते बघा. चेहरा पुन्हा कडक होतो, पण एकदम होत नाही. आधी डोळे परततात, मग तोंड. स्वतःला ताब्यात घ्यायला त्या बाईला वेळ लागतो, आणि तो वेळ नटीने दिलेला आहे, संकलकाने नाही.

याच सिनेमातली रात्रीची समोरासमोर बैठक तुम्ही दहा वेळा बघा. कॅथलीन बायरनची सिस्टर रूथ संघ सोडून गडद लाल पोशाखात बसली आहे आणि मुद्दाम क्लोडाच्या डोळ्यांत बघत ओठांना लिपस्टिक लावते आहे. क्लोडा समोर बायबल घेऊन बसते. मध्ये मेणबत्ती. बायरनकडे त्या प्रसंगात सगळं आहे: रंग, घाम, वेड. डेबोराने एकही गोष्ट तिच्या बरोबरीने वाढवलेली नाही. आपल्या स्पर्धांच्या सवयीने आपण तिथे उभे असतो तर ‘आपला’ प्रसंग मिळवायला आवाज तरी चढवला असता. डेबोरा ते सोडून देते, आणि म्हणून रूथ जितकी भयानक वाटायला हवी तितकी वाटते. समोरच्या नटाला जागा देणं हे कौशल्य आहे, मोठेपणा नाही. या भूमिकेसाठी आणि आधीच्या ‘आय सी अ डार्क स्ट्रेंजर’साठी मिळून तिला न्यूयॉर्कच्या समीक्षकांचा सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

हॉलिवूडने तिला बोलावलं ते साधारण याच सुमारास. एमजीएम या स्टुडिओने क्लार्क गेबलसमोर ‘द हक्स्टर्स’मध्ये आणलं आणि तिच्या आडनावाचा उच्चार अमेरिकनांना कळावा म्हणून ‘कारचं यमक स्टारशी’ अशी जाहिरात केली. १९४९ च्या ‘एडवर्ड, माय सन’मधल्या दारूत बुडत जाणाऱ्या आईने पहिलं ऑस्कर नामांकन मिळवून दिलं. पण त्यानंतर तिच्या वाट्याला आले ते ‘किंग सॉलोमन्स माइन्स’, ‘क्वो व्हॅडिस’, ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ असे भव्य सिनेमे. त्यांत तिचं काम सोज्ज्वळ दिसायचं आणि नायकाने वाचवेपर्यंत धीर धरायचा. तुम्हाला जो ‘थंड’ शिक्का जाणवला तो या काळातला आहे. ती चूक नटीची नव्हती, वाट्याला आलेल्या कागदाची होती.

तो शिक्का तिने १९५३ मध्ये पुसला. ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’मधल्या कॅरन होम्सच्या भूमिकेसाठी जोन क्रॉफर्ड ठरली होती, ती बाहेर पडली. डेबोराच्या एजंटने तिचं नाव सुचवलं तेव्हा निर्मात्यांना ते पटलं नव्हतं; सैन्याच्या तळावरची, नवऱ्याला कंटाळून परपुरुषांकडे गेलेली अमेरिकन बायको आणि ही सोज्ज्वळ बाई! दिग्दर्शक फ्रेड झिनमनला मात्र त्या विसंगतीतच काहीतरी दिसलं. तिने केस सोनेरी केले, अमेरिकन उच्चारांची शिकवणी लावली.

समुद्रकिनाऱ्यावरचं ते चुंबन जगाला माहीत आहे. हवाईच्या ओआहू बेटावरची हलोना नावाची छोटी खाडी आजही लोक त्यासाठी बघायला जातात. पण त्या चुंबनानंतर काय होतं ते फार कमी जणांच्या लक्षात असतं, आणि अभिनय तिथे आहे. बर्ट लँकेस्टरचा वॉर्डन, म्हणजे कॅरनचा प्रियकर, सुखाच्या क्षणात तिला तिच्या आधीच्या पुरुषांवरून डिवचतो. ती दुखावते, चिडते, आणि मग सांगते: दिवस भरले होते, नवरा नशेत घरी आला, मदत वेळेवर मिळाली नाही, मूल गेलं आणि पुढे मूल होण्याची शक्यताही गेली. ही गोष्ट ती सहानुभूतीसाठी सांगत नाही. तुला ऐकायचीच होती ना, मग घे, अशा कडवट सुरात सांगते. श्रोत्याला लागावं म्हणून सांगितलेल्या गोष्टीचं शेवटी सांगणारीलाच लागतं, आणि ते डेबोरा शेवटपर्यंत कळू न द्यायचा प्रयत्न करते. आपल्या मालिकांत असा प्रसंग आला की पहिल्या वाक्यालाच ग्लिसरीन असतं. ते काढा. आधी राग खेळा. दुःख प्रेक्षकाला आपोआप सापडतं.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला, म्हणजे तिच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, ती ब्रॉडवेवर ‘टी अँड सिम्पथी’ या नाटकात उभी राहिली. दिग्दर्शक एलिया कझान. शाळेत बायकी म्हणून छळल्या जाणाऱ्या एका मुलाला आधार देणाऱ्या मास्तरांच्या बायकोची ती भूमिका. १९५६ मध्ये तिने ती सिनेमातही केली. हे मुद्दाम सांगते, कारण कॅमेऱ्याकडे गेलं की नाटक सुटतं, असं तुमच्या मनात दिसतंय. तिचं सुटलं नाही.

‘द किंग अँड आय’बद्दल फक्त एक गोष्ट. गाण्यांचा आवाज बहुतांशी मार्नी निक्सनचा आहे. आपल्याला पार्श्वगायनाचं काही वाटत नाही, पण त्या काळच्या हॉलिवूडमध्ये ते झाकून ठेवायची पद्धत होती. डेबोराने निक्सनबरोबर कसून तालीम केली, काही ठिकाणी गाण्यातलं बोलणं तिचं आणि गाणं निक्सनचं अशी वीण घातली, आणि नंतर निक्सनचं श्रेय उघडपणे सांगितलं. त्या वीणीसाठी तो सिनेमा पुन्हा बघा. श्वास कुठे घेतलाय तेही जुळतं. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळालं. चित्रपटातलं सयामचं, म्हणजे जुन्या थायलंडचं, चित्रण थायलंडला मान्य झालं नाही आणि तिथे त्यावर बंदी आली, हेही ठाऊक असू द्या.

पुढच्याच वर्षी तिने पुन्हा नन केली. जॉन ह्यूस्टनच्या ‘हेवन नोज, मिस्टर ॲलिसन’मध्ये जपान्यांनी वेढलेल्या पॅसिफिकमधल्या बेटावर ती आणि रॉबर्ट मिचम, जवळजवळ अख्खा सिनेमा दोघांचा. मी विद्यार्थ्यांना क्लोडा आणि ही सिस्टर अँजेला लागोपाठ दाखवते. पोशाख तोच, चेहरा तोच, व्रतही तेच. पण क्लोडाचा अहंकार तिच्या ताठ पाठीत आहे, आणि अँजेलाला अहंकारच नाही, म्हणून ती वाळूत, चिखलात, गुहेत कुठेही सहज बसते. क्लोडा उत्तर देण्याआधी अंदाज घेते. अँजेला मनात येईल ते बोलून मोकळी होते आणि मग घाबरते. एकाच गणवेशातली दोन माणसं शरीरानेच वेगळी केली आहेत. मिचमबरोबरची तिची जोडीही बघण्यासारखी. चार कामं दोघांनी एकत्र केली, आणि त्याचं सैलसर वागणं आणि तिची शिस्त एकमेकांना उठाव देतात.

१९५८ मध्ये दोन सिनेमे आले. ‘बॉनज्यूर त्रिस्तेस’मध्ये ती डौलदार, आत्मविश्वासाची ॲन. ‘सेपरेट टेबल्स’मध्ये बोर्नमथच्या एका खाणावळवजा हॉटेलात आईच्या धाकात पिचलेली प्रौढ अविवाहित मुलगी, सिबिल. एकाच वर्षातल्या दोन भूमिका. ओळखूच येऊ नये असा फरक. सिबिलचे खांदे आत वळलेले, पाय आत वळलेले, नजर आईच्या खुर्चीकडे गेल्याशिवाय तोंड उघडत नाही. शेवटच्या प्रसंगात न्याहारीच्या वेळी, सगळे ज्याला वाळीत टाकायला निघाले आहेत त्या मेजरशी ती बोलते. आई ‘चल’ म्हणते आणि ती नाही म्हणते. शब्द एवढाच. विद्रोहाची आरोळी नाही, खांदे एकदम सरळ होत नाहीत, घाबरलेली ती घाबरलेलीच राहते. घाबरत दिलेला नकार निर्भय नकारापेक्षा करायला अवघड असतो. समोर आईच्या भूमिकेत ग्लॅडिस कूपर आणि मेजर डेव्हिड निव्हन; निव्हनला ऑस्कर मिळालं, डेबोराला पाचवं नामांकन.

आता माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम: १९६१ चा ‘द इनोसंट्स’. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’वर आधारलेला, जॅक क्लेटनने दिग्दर्शित केलेला. मिस गिडन्स ही पाद्र्याची मुलगी, पहिल्यांदाच गव्हर्नेस म्हणून एका भल्यामोठ्या घरात दोन अनाथ मुलांना सांभाळायला येते. तिला तिथे मेलेली माणसं दिसू लागतात. ती खरंच आहेत, की तिच्या मनाचे खेळ आहेत? सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. कच्ची नटी इथे यांपैकी एक बाजू धरते: एक तर वेडी खेळते, नाही तर भुताने छळलेली. डेबोरा दोन्ही खुल्या ठेवते, आणि ते कसं जमवते ते बघा. तिला जे दिसतं त्यावर तिचा शंभर टक्के विश्वास आहे. भीती खरी, मुलांवरची माया खरी, त्यांना वाचवायचा हट्ट खरा. शंका येते ती आपल्याला, कारण तिची माया हळूहळू फार घट्ट होत जाते. मुलाला कुशीत घेतानाचे हात बघा. सुरुवातीला पाठीवर असतात, नंतर पकड घेतात. सिनेमाची सुरुवातच अंधारात जुळलेल्या, पिळवटणाऱ्या तिच्या हातांवर आहे. फ्रेडी फ्रान्सिसने रुंद पडद्याच्या कडा काळ्या करून टाकल्या आहेत, त्यामुळे तिचा चेहरा सतत अंधाराने वेढलेला राहतो आणि पापणी लवली तरी मोठी घटना घडते. या कामाला नामांकनसुद्धा मिळालं नाही.

तसंच १९६४ च्या ‘द नाइट ऑफ द इग्वाना’मधल्या हॅनाचं. मेक्सिकोतल्या रात्री, हॅमॉकमध्ये, म्हणजे टांगलेल्या झोळीत, बांधून ठेवलेल्या रिचर्ड बर्टनला ती आपल्या एकाकी आयुष्यातल्या दोन छोट्या गोष्टी सांगते. लांबच लांब बोलणं आहे, नाटकातलंच. नाटकाचं स्वगत क्लोजअपमध्ये कसं टाकायचं, हा तुमचा रोजचा प्रश्न असणार. त्याचं उत्तर इथे आहे.

खासगी आयुष्याबद्दल फार लिहीत नाही. पहिलं लग्न १९४५ मध्ये लढाऊ वैमानिक अँथनी बार्टलीशी, दोन मुली, १९५९ मध्ये घटस्फोट. १९६० मध्ये लेखक पीटर व्हिएर्टेलशी लग्न, मग स्वित्झर्लंडमधलं क्लोस्टर्स आणि स्पेनमधलं मार्बेया ही घरं.

१९६९ नंतर तिने सिनेमा जवळजवळ सोडला. पडद्यावरची वाढती नग्नता आणि हिंसा तिला मानवत नव्हती. ती परत रंगमंचावर गेली: १९७२ मध्ये लंडनला ‘द डे आफ्टर द फेअर’, १९७५ मध्ये ब्रॉडवेवर एडवर्ड ऑल्बीचं ‘सीस्केप’. ऐंशीच्या दशकात टेलिव्हिजन आलं. १९८२ मध्ये ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’मधली नर्स, मग ‘अ वुमन ऑफ सबस्टन्स’ या लघुमालिकेतली वृद्ध एमा हार्ट, जिच्यासाठी एमीचं नामांकन झालं. स्वयंपाकघरातल्या मोलकरणीपासून उद्योगसाम्राज्यापर्यंत पोचलेली ही बाई. तिचं तरुणपण जेनी सीग्रोव्हने केलं. डेबोराचा वाटा कमी मिनिटांचा, पण ती मागचं सगळं आयुष्य पाठीशी घेऊन खोलीत येते. मालिकेत काम करणाऱ्या तुम्हाला हे जवळचं वाटेल: पडदा छोटा झाला म्हणून तिने आवाज किंवा हातवारे वाढवलेले नाहीत.

ऑस्करचं म्हणाल तर १९४९ पासून १९६० पर्यंत सहा नामांकनं, आणि दरवर्षी समोर कोण होतं ते बघा: ऑलिव्हिया द हॅविलँड, ऑड्री हेपबर्न, इंग्रिड बर्गमन, जोआन वुडवर्ड, सुझन हेवर्ड, एलिझाबेथ टेलर. यांतल्या काही भूमिका उघड तुटून पडण्याच्या, काही आजाराच्या, काही मृत्युदंडाच्या. पुरस्कार देणाऱ्यांना असं काम पटकन दिसतं. शिवाय तिच्या कामात खटपट दिसत नाही, आणि जी दिसत नाही तिला मत कोण देणार? १९९४ मध्ये अकादमीने तिला मानद ऑस्कर दिलं. त्याआधी १९९१ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपटसंस्थेचा विशेष सन्मान झाला होता, पुढे सीबीई हा ब्रिटिश राजसन्मान. पार्किन्सन्सच्या आजारात १६ ऑक्टोबर २००७ रोजी इंग्लंडमधल्या सफक परगण्यात ती गेली, वय ८६. व्हिएर्टेल तिच्यामागे तीन आठवडेही राहिले नाहीत.

बघण्याचा क्रम मी असा देईन: आधी ‘द सनडाउनर्स’, मग ‘ब्लॅक नार्सिसस’ आणि ‘मिस्टर ॲलिसन’ लागोपाठ, मग ‘सेपरेट टेबल्स’, आणि ‘द इनोसंट्स’ अगदी निवांत रात्री. प्रत्येकातला एक प्रसंग आधी आवाज बंद करून बघा आणि लिहून काढा की ही बाई आत्ता काय लपवते आहे, आणि कुणापासून. मग आवाज लावा. तुमच्या पुढच्या एपिसोडच्या कागदावरही प्रत्येक प्रसंगाशेजारी तेच दोन प्रश्न लिहून ठेवा. त्यांची उत्तरं सापडली की ‘जरा कमी करा’ हे मालिकेचा दिग्दर्शक क्वचितच म्हणतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तरी तसंच झालं आहे.

सगळ्यात शेवटी १९८५ चा ‘द आसाम गार्डन’ मिळाला तर जरूर बघा. तिचा शेवटचा चित्रपट, फारसा कुणी न पाहिलेला. चहामळेवाल्याची इंग्रज विधवा हेलन, म्हणजे डेबोरा, नवऱ्याने आसामची आठवण म्हणून इंग्लंडात लावलेली बाग एकटीने सांभाळते आहे. शेजारच्या वस्तीतली एक भारतीय बाई मदतीला येऊ लागते. ती मधुर जाफरी. ‘ब्लॅक नार्सिसस’मध्ये रंगवलेल्या चेहऱ्यांनी भारत उभा केला होता, इथे जाफरी तिच्यासमोर बरोबरीने उभी आहे. हेलन तुसडी आहे, आभार मानायला लाजते, एकटेपणा कबूल करत नाही. दोघी झाडांबद्दल, खाण्याबद्दल बोलत राहतात, आणि मैत्री झाली हे हेलनला कळायच्या आधी आपल्याला कळतं. चौसष्टीला आलेली डेबोरा त्यात मातीत हात घालून काम करताना दिसते. त्या हातांकडे लक्ष ठेवा.